मौनाची मुदत

स्पंजचा तो काळा गोल तुकडा आता निम्म्याहून जास्त झिजला होता. भाषांतर करताना कानाला लावायच्या यंत्राचा, डाव्या बाजूचा. तीन महिने तिच्या कानाला घासून घासून त्याच्या कडेचे बारीक कण सुटायला लागले होते, आणि संध्याकाळी घरी जाऊन आरशात पाहिलं की ते केसांत सापडायचे. ती तो तुकडा अंगठ्यानं दाबत होती, सोडत होती. दाबला की बसायचा, सोडला की सावकाश फुगायचा... आज यंत्राचं काम नव्हतं. बैठका संपल्या होत्या. परिषदेची माणसं खोकी भरत होती, भिंतींवरचे नकाशे उतरवत होती, आणि तिनं दहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटच्या ठरावाचं भाषांतर पाठवून दिलं होतं – नेहमीसारखं वेळेच्या आधी, एकही खाडाखोड न करता. आता चहा प्यायचा, बस्स. आणि चहाचा दुसरा घोट घशाखाली उतरत असताना, कसलाही संबंध नसताना, तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं.

‘साक्षीदारांची सर्व मूळ निवेदने, स्थैर्याच्या हितासाठी, परस्पर विश्वासाने आणि विलंब न करता, उद्या सकाळी नऊ वाजता नव्या सरकारकडे सुपूर्द करण्यात येतील.’

सातवं कलम. अगं बाई, ती मनात म्हणाली, हे मी काय पाठवलं?

हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. लोकांना वाटतं, दुभाष्याला सगळ्यांत आधी कळतं. कसलं काय! दुभाष्याला सगळ्यांत शेवटी कळतं. शब्द कानातून आत येतो आणि तोंडातून नाहीतर बोटांतून बाहेर जातो. मधल्या वाटेवर तो जरा टेकला, त्यानं इकडेतिकडे पाहिलं, की पुढचं वाक्य निसटलंच म्हणून समजा. त्याला टेकू द्यायचं नाही, ही सवय तिनं सव्वीस वर्षं लावून घेतली होती. एकदा एका मंत्र्याची सणसणीत शिवी तिनं दुसऱ्या मंत्र्याला अगदी आदबीनं पोचवली होती, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे तिच्याकडे बघून हसायला लागले तेव्हा कुठे तिला उमगलं होतं की आपण काय बोललो. तेव्हा तीही पोट धरून हसली होती. आज त्याच सवयीनं तिनं सातवं कलम उतरवलं होतं. उतरवलं कसलं, घासूनपुसून लख्ख केलं होतं! मुळात नुसतं ‘दिली जातील’ होतं. ते तिला मिळमिळीत वाटलं, म्हणून ‘सुपूर्द’ हा भारदस्त शब्द शोधला आणि स्वतःवरच खूश झाली. भावाचा गळा कापायला सुरी निघाली होती, तर बाईसाहेबांनी तिला आधी धार लावून दिली.

भाऊ – धाकटा, पोस्टात टपाल निवडण्याच्या कामावर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. निवडणुकीत त्याला एका केंद्राचा प्रमुख नेमलं होतं. बावीस वर्षं एकच माणूस खुर्चीला चिकटून बसला होता, तो अखेर उतरला आणि दोन पक्ष समोरासमोर आले. भावाच्या केंद्रावर सहाशे बारा मतं पडली; त्यानं ती मोजली, सही केली, पेटी सील केली. तिसऱ्या दिवशी जाहीर झालेल्या यादीत त्याच्या केंद्रापुढे अकराशे चाळीस. खाली सही त्याचीच – म्हणजे त्याच्यासारखी. मग दोन्ही बाजूंनी मिरवणुका, दोन्ही बाजूंनी दगड, चार दिवस दुकानं बंद, आणि पाचव्या दिवशी आजूबाजूच्या नऊ देशांची परिषद मध्ये पडली. परिषद जामीन राहिली. हरलेल्यांनी रस्ते सोडायचे, जिंकलेल्यांनी शपथ घ्यायची, वर्षाच्या आत आकड्यांची चौकशी व्हायची. आणि तोवर, आकडे बदलले गेले असं सांगणाऱ्या एकेचाळीस केंद्रप्रमुखांची निवेदनं परिषदेच्या ताब्यात, कुलपात राहायची, आणि परिषद परतताना तिच्याबरोबर देशाबाहेर जायची. जिंकलेल्यांनीच आकडे बदलले होते, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यांच्या हाती ही नावं लागली, तर नोकरी जाणं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. दोघांनी गावातल्या गावात तोंड उघडलं होतं. त्यांतला एक कुठे आहे ते त्याच्या बायकोलाही अजून कळलेलं नव्हतं.

एकेचाळिसांत अकरावं निवेदन भावाचं. तिनंच त्याला आणलं होतं, अक्षरशः दंडाला धरून. बरोबर भावजयही आली होती, न बोलवता. न्यायाधीश समोर बसले होते. परिषदेच्या पथकाचे प्रमुख, शेजारच्या देशातले निवृत्त, पांढऱ्या भुवयांचे, इतकं हळू बोलणारे की ऐकणाऱ्यानं आपोआप पुढे झुकावं. भावजयीनं सरळच विचारलं होतं, “आणि ही सगळी माणसं आपापल्या घरी गेली, की आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?” तिनं तेही पोचवलं – शब्दाला शब्द, पण धार जरा बोथट करून. न्यायाधीशांनी वही मिटली. माझा शब्द आहे तुम्हाला, ते म्हणाले, तुमचं नाव या कपाटाबाहेर जाणार नाही. तिनं सांगितलं, भावानं सही केली. बाहेर पडताना तो तिला म्हणाला, “काय परिषदबाई, खूश?” आणि ती खूश होती, खोटं कशाला बोला! आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी वाहून नेण्यात गेलं. एकदा तरी त्या ओझ्यातून काही चांगलं निघालं, असं तिला वाटलं होतं.

सव्वादहा. ती उठली.

मसुदे पाठवणाऱ्या कार्यवाहाला तिनं पहिल्याच आठवड्यात घड्याळराव असं नाव पाडलं होतं. दाराशी उभं राहून तिनं विचारलं, “सकाळचा तो मसुदा परत घेता येईल का?”

“मुदत सुरू झाली बाई. दहा ते चार.”

मौनाची मुदत! परिषदेची ही खास रीत. नऊ देशांना एका टेबलाशी बसवून एका वाक्यावर आणायचं म्हणजे दोन वर्षं जातील. म्हणून मसुदा नऊही राजधान्यांना पाठवायचा, वेळ सांगायची, आणि तोवर कुणी ‘हरकत आहे’ म्हटलं नाही की सगळ्यांची संमती धरायची. कुणाला हात वर करावा लागत नाही, कुणाला सही करावी लागत नाही. नऊ देश मूग गिळून बसले की ठराव पास. मुदत सुरू होते ती मात्र दोन्ही भाषांतला मसुदा तयार झाल्यावर, म्हणजे तिचं भाषांतर पोचल्यावर. पाच मिनिटं आधी पाठवण्याची हौस!

“एका देशानं हरकत घेतली तरी पुरे,” घड्याळराव म्हणाला, “पण ती देशानं घ्यायची. तुम्ही-आम्ही नाही.” मग त्यानं मान वर केली. “का, भाषांतरात काही चूक राहिलीय? तसं असेल तर आत्ता सांगा. मुदत रद्द. दुरुस्त मसुदा पुन्हा उद्या दहापासून फिरेल.”

“माझ्या भाषांतरात चूक नसते,” ती म्हणाली.

हे तिच्या तोंडून कसं गेलं, ते तिलाही कळलं नाही. ठेच लागल्यावर ‘आई गं’ जावं तसं गेलं. तो हसला, म्हणाला, “ते माहितीय हो,” आणि कामाला लागला. आणि ती व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकली... एक दिवस. एक अख्खा दिवस त्यानं हातावर ठेवला होता, आणि तिनं तो नाक वर करून परत केला. कशासाठी? तर सव्वीस वर्षांत कुणी तिच्या कागदावर लाल रेघ मारली नव्हती म्हणून! परत आत जावं. सांगावं, आहे चूक, सातव्यात आहे, पाचव्यात आहे, सगळीकडे आहे. ती वळलीसुद्धा. आणि समोरून न्यायाधीश आले.

तिनं त्यांना सगळं सांगितलं, त्यांच्या भाषेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “हे कलम असं कुणी घातलं?” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “मी आमच्या परराष्ट्र खात्याशी बोलतो. चारच्या आत आमच्याकडून हरकत येईल. तुम्ही शांतपणे आवराआवर करा. आणि भावाला इतक्यात काही सांगू नका, उगाच धसका घेईल.”

तिला रडूच आलं. आहे, जगात माणुसकी आहे! घड्याळरावाकडे जायचं कारण उरलं नाही. खोटं बोलायची वेळ टळली, याचंच तिला किती बरं वाटलं.

दुपारभर ती तळघरात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली. कोपऱ्यात ते कपाट होतं, राखाडी, दोन कुलपांचं. त्याच्याकडे ती मुद्दाम बघत नव्हती. दीड वाजता भावाचा फोन आला. संध्याकाळी येतेस ना, म्हणाला. आवाजात हसू होतं. मागे पोस्टातल्या शिक्क्यांची धपधप ऐकू येत होती. “सगळं ठीक आहे ना गं?” – “सगळं व्यवस्थित आहे,” तिनं सांगितलं. सीमेकडे जाणारी गाडी रोज एकच, दुपारी तीनची. तीन वाजले तेव्हा तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं होतं, हे तिला पक्कं आठवतं. मग तिनं स्वतःला दटावलं, एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास नाही तुझा? आणि पुढच्या खोक्यावर चिठ्ठी लावली.

चार वाजता ती घड्याळरावाच्या टेबलाशी उभी होती. त्यानं घड्याळ बघितलं, आणखी एक मिनिट जाऊ दिलं – माणूस काटेकोर – आणि वहीत लिहिलं. “मौन पाळलं गेलं,” तो म्हणाला.

“न्यायाधीशांच्या देशाकडून काही...?”

“काही नाही. साहेब तर गेले ना? दीडचं विमान होतं. तुम्हाला भेटले नाहीत?” त्यानं खणातून एक लिफाफा काढला. “हे मात्र आठवणीनं ठेवून गेलेत तुमच्यासाठी.”

दीडचं विमान. म्हणजे सकाळी व्हरांड्यात भेटले तेव्हा बॅग भरलेली होती! तिनं लिफाफा उघडला. चांगल्या जाड कागदावर, स्वतःच्या अक्षरात – सहा आठवडे या शहरात एकही गोळी सुटली नाही, हे तुमच्याही कष्टांचं फळ आहे; तुम्ही हे काम निष्ठेने, धीराने आणि तक्रार न करता केलंत. पुढे आभार. खाली सही.

निष्ठेने, धीराने आणि तक्रार न करता... तिसरं नेहमी नकाराचं. तीन महिने ती या माणसाच्या शब्दामागोमाग शब्द बोलली होती. तो श्वास कुठे घेतो, कुठे थांबतो, एका दमात तीन गोष्टी सांगून तिसरी कशी वळवतो, सगळं तिच्या जिभेला पाठ झालं होतं. स्थैर्याच्या हितासाठी, परस्पर विश्वासाने आणि विलंब न करता! सातवं कलम त्यांनीच लिहिलं होतं. स्वतः बसून, आपल्या त्या वळणदार अक्षरात. आणि मग चष्मा पुसत तिला विचारलं होतं, हे कुणी घातलं?

यालाच म्हणतात केसानं गळा कापणं. कळतही नाही कापला जाताना.

ती रस्त्यावर आली. संध्याकाळ छान पडली होती, याचाही तिला संताप आला. दुकानं उघडी होती, न्हाव्याच्या खुर्चीत एक माणूस मान मागे टाकून डोळे मिटून बसला होता – गळ्याशी वस्तरा आणि चेहऱ्यावर केवढी निर्धास्ती – कोपऱ्यावर दोन बायका कोबीवरून भाजीवालीशी वाद घालत होत्या, शाळेच्या भिंतीवरच्या काळ्या डागांवर पांढरा रंग दिला होता. हे खोटं होतं का? नव्हतं. सहा आठवडे तीसुद्धा रात्रीची गाढ झोपली होती. नऊ देशांनी मिळून ही शांतता आणली होती, आणि ती खरीच होती, कोबीइतकी खरी. फक्त त्या शांततेसाठी एकेचाळीस माणसं वाऱ्यावर सोडायची होती, आणि ती सोडली. त्या बायकांना विचारलं असतं, एकेचाळीस देऊन टाकू का? तर त्या गप्प बसल्या असत्या. शहरच्या शहर गप्प बसलं असतं, आणि चार वाजले असते... मग मी कुणावर ओरडू? नाही, पण त्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांत बघून! असं स्वतःशी बोलत ती चालत होती, आणि रागानं तिला बरं वाटत होतं, हेही खरं. भावाकडे जायचं. त्याला सांगायचं, फसवलं रे आपल्याला. भावजयीच्या गळ्यात पडायचं आणि म्हणायचं, तूच खरी निघालीस. तिघांनी मिळून त्या माणसाला शिव्या घालायच्या, पोटभर.

भाऊ स्टुलावर उभा राहून खिडकीची बिजागरी बसवत होता. भाची जमिनीवर पालथी पडून गणितं करत होती. “परिषदबाई आल्या!” तो वरूनच ओरडला. “रेडिओवर सांगितलं आत्ता, सत्तांतर सुखरूप पार पडलं म्हणे. सुटलीस बाई एकदाची!”

“खाली उतर,” ती म्हणाली.

तिनं सांगितलं. अचूक, ओळीनं, एकही गोष्ट मागेपुढे न करता. आपला आवाज इतका सपाट कसा लागतोय याचं तिलाच नवल वाटलं. भावजयीनं भाचीला आतल्या खोलीत पाठवलं आणि परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. कुणी ओरडलं नाही. भावाच्या हातात अजून पेचकस होता.

“उद्या नऊ,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि गाडी उद्या तीनला.”

“हो.”

“आजची गेली.” त्याच्या कपाळावर ती लहानपणापासून ओळखीची आठी आली, हिशेब जुळत नसला की यायची ती. “ताई, तुला कधी कळलं?”

“सकाळी. सव्वादहाला.”

आतून भाची पाढे म्हणत होती. भावजयीनं एकदम वर पाहिलं आणि नजर खाली घातली.

“मी दीडला फोन केला होता,” भाऊ म्हणाला.

“त्यांनी शब्द दिला होता रे. मला सांगितलं, चारच्या आत हरकत येईल... शब्द दिला होता त्यांनी.”

“त्यांनी?” तो रागावला नव्हता, तेच वाईट होतं. आठवून आठवून बोलावं तसं तो बोलत होता. “त्यांची भाषा तरी कुठे कळते मला? ते काय बोलले, मला काय माहीत! कपाटाबाहेर नाव जाणार नाही, हे तू म्हणालीस. आज दुपारी सगळं व्यवस्थित आहे, हेही तूच म्हणालीस. माझ्याशी दोन्ही वेळा तूच बोललीस, ताई.”

भावजय उठून कपाटावरची पिशवी काढायला लागली. कुठे जाणार, कशानं, या वेळी – तिनं कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. भाऊ तिला पिशवी काढायला हात लावायला गेला.

आणि मी मध्ये उभी. मी फक्त पोचवलं रे, असं मला म्हणायचं होतं. माझं त्यात काही नव्हतं, माझ्या हातात काय होतं, मी कोण – वाक्य तयार होतं, बरोबरही होतं, एका अक्षराची चूक नव्हती त्यात. फक्त ते जिभेवर आलं तेव्हा मला ऐकू आलं की विमानात बसलेला तो माणूसही या घटकेला स्वतःला हेच सांगत असणार. अगदी हेच. मी त्याच्यावरचा राग शोधायला लागले. येताना सगळ्या वाटेनं माझ्यापाशी होता, इतका होता की पाय भराभर पडत होते. आता भाऊ पाठमोरा उभा राहून पिशवीची चेन ओढून बघत होता, ती मध्येच अडकत होती, आणि मी आठवून आठवून त्या म्हाताऱ्याला शिवी द्यायला बघत होते, पण राग काही केल्या येईना.